टँकर उलटला, टाकी टिकली: ही नोंद कुठे जाते?

टाकीवाला

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. मी अमेरिकेत रसायनं वाहणाऱ्या टँकरच्या कंपनीत सुरक्षा विभागात आहे. अपघात झाला की सरकारकडे जाणारा फॉर्म माझ्या हातून जातो. गेल्या काही वर्षांत या फॉर्मबद्दल माझं मत फार बदललं आहे आणि या धंद्यातल्या इतरांना काय वाटतं ते मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धोकादायक मालामुळे कोणी दगावलं, कोणाला रुग्णालयात दाखल करावं लागलं, लोकांना तासभर किंवा जास्त वेळ घराबाहेर काढावं लागलं, मोठा रस्ता तासभर बंद पडला, तर आधी नॅशनल रिस्पॉन्स सेंटरला, म्हणजे अशा खबरा घेणाऱ्या सरकारी कक्षाला, फोन करायचा. उशिरात उशिरा १२ तासांत. मग ३० दिवसांच्या आत ‘५८००.१’ हा लेखी फॉर्म. फोन करण्याइतका मोठा प्रसंग नसला तरी नुसता माल सांडला की फॉर्म लागतोच, किरकोळ गळतीला काही अपवाद सोडले तर. ज्याच्या ताब्यात त्या वेळी माल होता त्याने भरायचा, म्हणजे बहुतेक वेळा वाहतूकदाराने. हे सगळं फिम्साच्या, म्हणजे धोकादायक मालाच्या वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याच्या, डेटाबेसमध्ये जातं. १९७१ पासूनच्या नोंदी आहेत. २००५ पासून आणखी एक गोष्ट आली: १,००० गॅलन किंवा त्याहून मोठ्या टाकीला मार बसला, तर थेंबही सांडला नसला तरी कळवायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास आमचा एक टँकर महामार्गाच्या रॅम्पवर उलटला. ४०७ जातीची स्टेनलेस स्टीलची टाकी, ७,००० गॅलनची. मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर कठड्यावर बसला होता. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. त्याला फारसं लागलं नव्हतं. टाकी आडवी पडली होती आणि वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून थेंब थेंब गळत होतं. सगळं मिळून एका बादलीत मावेल इतकंच.

फॉर्म मी भरला. टाकीची क्षमता ७,००० गॅलन, आत माल ६,२०० गॅलन. हा आकडा मी केबिनमध्ये सापडलेल्या मालाच्या कागदावरून घेतला. बिघाडाचं कारण: वाहन उलटल्याने, मानवी चूक. वर्णनाच्या जागी दोन ओळी. मुदतीच्या नऊ दिवस आधी पाठवून मोकळा झालो.

आठ महिन्यांनी तोच ड्रायव्हर प्रशिक्षणाला आला होता. चहाच्या सुट्टीत सहज म्हणाला, “निम्मा माल पहिल्या गिऱ्हाइकाकडे उतरवला होता ना, तो आत नुसता डुचमळत होता.” मी त्याच्याकडे बघतच राहिलो. उलटलेल्या टाकीतला माल ज्या कंत्राटदाराने उपसला त्याच्या बिलात खरा आकडा होता, पण ते बिल दाव्यांच्या विभागात गेलं होतं, माझ्या टेबलावर आलंच नव्हतं. आणि आमच्या या टाक्यांमध्ये आडभिंती नसतात, कारण दर फेरीनंतर आतून धुवाव्या लागतात. असत्या तरी त्या पुढे-मागे जाणारी लाट थोपवतात, वळणावर बाजूला चढणारी नाही. म्हणजे अपघाताचं अर्धं कारण जे होतं, ते मी माझ्या हाताने डेटाबेसमधून पुसून टाकलं होतं. तिथे लिहिलं होतं: जवळजवळ भरलेली टाकी, ड्रायव्हरची चूक.

त्याच दिवशी दुरुस्ती पाठवली. पण त्याआधीचे माझे किती फॉर्म असे असतील?

म्हणून विचारतो. तुम्ही या नोंदींकडे कसं बघता? भरताना काय खुपतं? काय बदललं तर मनापासून भराल?

वाटसरू

टाकीवाला, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून मीही तसंच लिहितो. माझे सात टँकर आहेत, पेट्रोल-डिझेलचे. सुरक्षा विभाग म्हणजे मी आणि माझी बायको.

आमच्यासारख्या लहान माणसाला त्या फॉर्मची भीती वाटते, हे आधी मान्य करू या. फॉर्म एकीकडे आणि एफएमसीएसए म्हणजे ट्रकवाल्यांवर देखरेख ठेवणारं खातं दुसरीकडे. तिथल्या गुणांकनात मागच्या २४ महिन्यांतले अपघात धरतात. चूक कोणाची होती ते न बघता. थांबलेल्या माझ्या टँकरला मागून कोणी धडकलं तरी तो माझ्या खात्यात. माल सांडला तर वजन आणखी वाढतं. २०२० पासून ‘हा अपघात टाळता येण्यासारखा नव्हता’ असा दाखला मागता येतो, पण ठरावीक प्रकारच्या अपघातांनाच. २०१५ च्या कायद्यानंतर मालवाहू कंपन्यांच्या या गुणांकनातल्या टक्केवाऱ्या लोकांना दिसत नाहीत हे खरं. पण अपघातांची यादी दिसते. माल देणाऱ्या कंपन्या ती बघतात, विमावाला तर बघतोच. दर वर्षी विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी समोरचा माणूस ती यादी टेबलावर ठेवतो.

दुसरं म्हणजे तीच ती रात्र चार वेळा लिहायची. पोलिसांना सांगायची, ५८००.१ मध्ये लिहायची, आपल्या अपघात-नोंदवहीत लिहायची (ती तीन वर्षं जपून ठेवावी लागते), विम्याला आणि माल देणाऱ्याला त्यांच्या त्यांच्या फॉर्मवर. चारही ठिकाणी प्रश्न जरा जरा वेगळे. एका ठिकाणी ‘अंदाजे वेग’ म्हणतात तर दुसरीकडे ‘परवानगी असलेला वेग’. बायको रात्री बारा वाजता विचारते, यातला कुठला लिहू?

तिसरं, आणि हे जास्त लागतं. इतकं लिहून पाठवल्यावर परत काहीच येत नाही. पंधरा वर्षांत एकदाही कोणी फोन करून म्हणालं नाही, की तुमच्यासारखेच आणखी अमुक अपघात झाले, त्यात असं असं आढळलं. मग भरणाऱ्याला वाटतं, हा कागद माझ्यावर वापरायलाच ठेवलाय.

लपवा असं मी म्हणत नाही. मी भरतो. पण जेवढं विचारलं तेवढंच, एकही शब्द जास्त नाही. आमच्या वकिलानेच तसं सांगितलंय.

मितभाषी

वाचतोय. या विषयावर मराठीत पहिल्यांदाच काही वाचलं. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

अनुस्वार

वाटसरूजी, तुमचं ते ‘एकही शब्द जास्त नाही’ वाचून फार वाईट वाटलं, कारण त्या गाळलेल्या शब्दांवरच माझं काम अडतं. मी रस्त्यावरच्या अपघातांच्या आकडेवारीवर संशोधन करते.

आमच्याकडे दोन डेटाबेस येतात. एक हा फिम्साचा, वाहतूकदाराने भरलेला. दुसरा पोलिसांच्या अहवालांवरून बनलेला, ज्यात कोणी दगावलं, जखमीला उपचारांसाठी हलवावं लागलं किंवा गाडी ओढून न्यावी लागली असे ट्रकचे अपघात असतात. एकच अपघात दोन्हीकडे असायला हवा. पण दोघांना जोडणारा एकच क्रमांक नाही. मग आम्ही तारीख, राज्य, कंपनी असं जुळवत बसतो. एकीकडे रस्त्याचं नाव, दुसरीकडे महामार्गाचा नंबर. मध्यरात्रीच्या आसपासचा असेल तर तारीखही एका दिवसाने पुढे-मागे. जुळवून झाल्यावर दिसतं, की एकीकडे आहेत ते दुसरीकडे नाहीत, आणि उलटही.

त्यात पोलिसांच्या फॉर्मवर एक चौकोन असतो: धोकादायक माल सांडला का? रात्रीच्या अंधारात, पावसात, रस्त्यावर डिझेल पसरलेलं दिसतं आणि शिपाई ‘हो’वर खूण करतो. ते डिझेल ट्रकच्या स्वतःच्या इंधनटाकीचं असतं, मालाचं नव्हे. नियमाप्रमाणे ते धरायचं नसतं. पण खूण झालेली असते.

वाहतूकदाराच्या फॉर्ममध्ये उलट अडचण. वर्णन म्हणून सात-आठ शब्द: “ट्रक उलटला, माल सांडला.” ते मला आधीच्या चौकोनांवरूनच कळलेलं असतं.

आणि जो प्रश्न चौकोनात नाही, त्याचं उत्तर देशात कोणालाच देता येत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण वेटलाइनचं. पेट्रोलच्या टँकरच्या पोटाखाली माल भरण्या-उतरवण्याच्या नळ्या असतात, आणि टाकी भरल्यावर त्यांत पेट्रोल तसंच राहतं. ९ ऑक्टोबर १९९७ ला मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्क राज्यात याँकर्स इथे एक कार टँकरच्या नेमक्या त्या नळ्यांवर आदळली. नळ्यांमध्ये होतं २८ गॅलन पेट्रोल. कारचालक गेला, दोन्ही गाड्या जळाल्या आणि वरचा थ्रूवे या महामार्गाचा पूल इतका भाजला की तो रस्ता सुमारे सहा महिने बंद राहिला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला. पुढे जानेवारी २०११ मध्ये फिम्साने प्रस्ताव आणला की या नळ्यांमध्ये ज्वालाग्राही माल ठेवून गाडी चालवायची नाही.

टँकरवाल्यांनी कडाडून विरोध केला. असे मृत्यू फार क्वचित होतात, आणि जुन्या टाक्यांवर वेल्डिंग करून यंत्रणा बसवताना कामगारांचाच जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरा मुद्दा मला तरी पोकळ वाटत नाही. मग प्रश्न आला: असे अपघात नक्की किती? आणि फॉर्मवर वेटलाइनचा चौकोनच नव्हता. लोक एकेक वर्णन वाचून अंदाज बांधत होते. सरकारने एक संख्या म्हणायची, उद्योगाने तीच वर्णनं वाचून दुसरी. २०१३ मध्ये सरकारी खात्यांच्या कामाची तपासणी करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने स्पष्ट सांगितलं की या नोंदींवरून वेटलाइनचे अपघात खात्रीने ओळखता येत नाहीत, आधी माहिती सुधारा. २०१५ च्या कायद्याने तो प्रस्ताव मागे घ्यायला लावला.

नळ्या धोकादायक आहेत की नाहीत यावर माझं मत मी इथे देत नाही. पण १९९७ ते २०१५, अठरा वर्षं, आणि वादाचा निकाल लागला तो माहितीवर नाही. हे मला सहन होत नाही.

टाकीवाला

अनुस्वार ताई, सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. वेटलाइनच्या वादात मी आमच्या बाजूने पत्रं लिहिली होती. आज वाटतं, त्या पत्रांबरोबरच आम्ही आपणहून आमच्या अपघातांची नीट वर्णनं दिली असती तर आमचं म्हणणं खरं की खोटं ते तरी ठरलं असतं.

गोदी

मी टँकरवाला नाही. सुट्या पेट्यांची वाहतूक करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या गोदीवर काम करतो, तेव्हा जरा वेगळी बाजू.

त्या डेटाबेसमध्ये रस्त्यावरच्या नोंदी पाहिल्या तर बहुतेक अपघात नसतातच. माल चढवताना-उतरवताना झालेली गळती असते. फोर्कलिफ्टचा दात पिंपात घुसला, झाकण सैल होतं, वरची पेटी खालच्यावर पडली. आमच्याकडे यासाठी वेगळी माणसं आणि ठरलेली पद्धत आहे, त्यामुळे आमच्या नोंदी भरमसाट. कंपनीच्या नावाने शोधा, पानंच्या पानं येतील. आणि एखादा टँकरवाला दहा वर्षांत एकही फॉर्म न भरणारा, तो शोधून बघा, कोरा कागद. बघणाऱ्याला वाटेल आम्ही देशातले सगळ्यात निष्काळजी.

आमच्या फोरमनने एकदा विचारलं होतं की जो जास्त कळवतो त्यालाच जास्त तपासणी का? उत्तर मला देता आलं नाही.

रात्रपाळी

मी बावीस वर्षं टँकर चालवला. आता गुडघे गेल्यामुळे उतरलो. तुमच्या चर्चेत ड्रायव्हर कुठे आहे ते शोधत होतो, तो टाकीवालांच्या चहाच्या सुट्टीतच सापडला.

माझा टँकर एकदा रस्त्याच्या कडेला कलला. पूर्ण उलटला नाही, चर होता त्यात टेकला. रस्ता सरळ, ऊन पडलेलं. लोकांना वाटतं टँकर फक्त वळणावर उलटतात. तसं नाही, सरळ रस्त्यावर उलटणारे खूप आहेत. उजवं चाक डांबरावरून खाली मातीत उतरतं, आपण दचकून स्टिअरिंग डावीकडे ओढतो, पाणी, म्हणजे माल हो, एकीकडे चढतो आणि गाडीला घेऊन जातो. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा.

मला तीन जणांनी प्रश्न विचारले. पोलिसाने लायसन मागितलं. विम्याच्या माणसाने विचारलं फोनवर बोलत होतास का. कंपनीतल्या मुलीने विचारलं किती सांडलं. चाक खाली का उतरलं, हे कोणी विचारलं नाही. खरं कारण सांगतो. त्या रस्त्याची कड तुटलेली होती, डांबर आणि माती यांत चांगली वीतभर पायरी पडली होती. आणि मी आदल्या रात्री माल भरायला साडेतीन तास रांगेत उभा होतो, केबिनमध्ये धड झोप नाही. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या असत्या. रांगेची गोष्ट सांगायला मला भीती वाटली असती, खोटं कशाला बोलू, पण कोणी नीट विचारलं असतं तर सांगितली असती.

फॉर्मवर ‘मानवी चूक’ लिहिलं की तो माणूस मीच असतो. मला रांगेत उभा करणारा, रस्त्याची कड दुरुस्त न करणारा, हे माणसात धरत नाहीत.

अनुस्वार

रात्रपाळी काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टींना त्या फॉर्ममध्ये चौकोन नाही. वेगाचा अंदाज, हवामान, गाडी उलटली का, रस्ता सोडला का, एवढं आहे. झोप, रांग, रस्त्याची कड, गाडीला उलटण्यापासून वाचवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती का, यातलं काही नाही.

इलिनॉयमध्ये ट्युटोपोलिसजवळ सप्टेंबर २०२३ मध्ये अमोनियाच्या टँकरचा अपघात झाला. पाच जण गेले. सुरुवात झाली ती टँकरला ओलांडून पुढे जाणाऱ्या दुसऱ्याच गाडीमुळे. टँकर रस्त्याच्या बाहेर गेला, आणि टाकी फुटली ती कडेला उभ्या केलेल्या एका लहान ट्रेलरवर आदळून. यात कुठलं एक कारण निवडणार?

राइनकाठ

मी जर्मनीत धोकादायक मालाचा सुरक्षा सल्लागार आहे. इथे एडीआर, म्हणजे धोकादायक मालाच्या रस्त्यावरच्या वाहतुकीचा युरोपातला करार लागू आहे, त्यात १.८.५ मध्ये अपघात कळवण्याची तरतूद आहे. महिन्याच्या आत. पण उंबरठे वेगळे. माल जितका घातक तितकी मर्यादा कमी: सगळ्यात घातक वर्गांना ५० किलो किंवा लिटर, मधल्यांना ३३३, सौम्य असतील तर १,०००. नुकसान ५०,००० युरोंच्या वर, किंवा रस्ता किमान तीन तास बंद, किंवा जखमीला किमान एक दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं, तरीही. गोदींनी लिहिलेला पेट्यांचा महापूर इथे होत नाही. पण त्याची किंमत अशी की लहान प्रसंग सरकारला दिसतच नाहीत.

मला जास्त उपयोगी वाटते ती वेगळीच गोष्ट. अपघात झाला की सल्लागाराने कंपनीच्या व्यवस्थापनाला स्वतंत्र अहवाल द्यायचा असतो. सरकारी कळवणीपेक्षा तो वेगळा. माझे ते अहवाल चार-पाच पानांचे असतात आणि त्यात मी ड्रायव्हरशी बोलल्याशिवाय सही करत नाही. सरकारकडे जातं ते मात्र त्याचं हाडूक. मांस कपाटातच राहतं.

वेल्डर

नमस्कार मंडळी. मी टाक्यांची दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज राहवलं नाही.

तुम्ही सगळे कागदाबद्दल बोलताय. टाकी शेवटी माझ्याकडे येते. अपघातात मार बसलेली टाकी, माल धरून ठेवण्याच्या क्षमतेवर परिणाम झाला असेल असं वाटलं, तर तपासणी आणि चाचणी झाल्याशिवाय परत रस्त्यावर नेता येत नाही. म्हणजे सांडलेली, न सांडलेली, दोन्ही आमच्या शेडमध्ये उभ्या राहतात.

मी काय करतो सांगतो. पोचा दिसला की आधी हात फिरवतो. डोळ्याला न दिसणारी कड हाताला लागते. मग पोच्यावर सरळ पट्टी आडवी धरतो आणि मधोमध खोली मोजतो. पोचा वेल्डच्या जोडावर असेल किंवा जोड त्यात येत असेल तर अर्ध्या इंचापेक्षा खोल चालत नाही. जोडापासून दूर असेल तर पोच्याच्या सगळ्यात मोठ्या मापाच्या एक-दशांशापर्यंत, आणि कसाही असला तरी एक इंचाच्या वर नाही. त्यापुढे पत्रा कापायचाच. हे सगळं मी लिहितो: कुठे, किती लांब, किती खोल, पत्र्याची जाडी किती उरली, झाकणाचं गॅस्केट कुठून फाटलं, व्हॉल्व्हचं संरक्षण करणारा कठडा वाकला की तुटला. फोटो काढतो.

मग ती फाइल मालकाकडे जाते, एक प्रत आमच्याकडे. संपलं. मी इथे आल्यापासून कोणीही, सरकार नाही, टाकी बनवणारे नाहीत, संशोधक नाहीत, ती मागायला आलेलं नाही. आमच्या कपाटात अशा शेकडो टाक्या आहेत ज्या रस्त्यावर पलट्या खाऊन आल्या आणि फुटल्या नाहीत. का नाही फुटल्या? मला त्यांतल्या बऱ्याच टाक्यांबद्दल सांगता येईल. झाकणाभोवतीचा उंच कठडा जमिनीवर टेकला आणि झाकण वाचलं, हे मी स्वतः इतक्यांदा पाहिलंय की आता उलटलेली टाकी आली की मी आधी तिथेच बघतो.

फुटलेल्या टाकीचा कोणीतरी तपास करतं. टिकलेल्या टाकीला पॉलिश मारून परत पाठवतात.

टाकीवाला

वेल्डर दादा, कुठे होतात इतके दिवस! माझी ती ४०७ टाकीही अशाच कुठल्यातरी शेडमध्ये गेली असणार. तिची तपासणीची फाइल मी कधी मागितलीच नाही. फक्त ‘दुरुस्त झाली, तारीख अमुक’ एवढा ईमेल बघितला.

२२ ऑक्टोबर २००९ ला इंडियानापोलिसला एलपीजीचा टँकर रॅम्पवर उलटून टाकी पुलाच्या खांबावर आदळली, फुटली आणि पेटली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. त्या तपासानंतर सुरक्षा मंडळाने फिम्साला सांगितलं की टाक्यांच्या अपघातांची उपलब्ध सगळी माहिती तपासा आणि कुठल्या रचनेच्या टाक्या जास्त फुटतात ते शोधा. पण ‘उपलब्ध सगळी’ म्हणजे आपण पाठवलेलीच ना! कपाटातली त्यात कुठून येणार?

अनुस्वार

वेल्डर यांनी जे सांगितलं तेच रेल्वेवाल्यांनी फार आधी केलंय. तिथे टँक-वाघिणी (रेल्वेचे टाकीचे डबे) बनवणाऱ्या कंपन्या आणि रेल्वे कंपन्या यांनी मिळून १९७० पासून स्वतःचा डेटाबेस ठेवला आहे. सरकारने लादलेला नाही. अपघातात सापडलेल्या प्रत्येक वाघिणीचं नुकसान त्यात लिहितात, माल सांडला असो वा नसो. त्यामुळे त्यांना सांगता येतं, की अमुक जाडीची, अमुक प्रकारच्या ढालीची वाघीण घसरली तर फुटण्याची शक्यता किती. भाजकात टिकलेल्या वाघिणी असल्याशिवाय ते गणितच होत नाही. रस्त्यावरच्या टाक्यांसाठी असं करता येईल का, यावर ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाने २०१३ मध्ये अभ्यासही प्रसिद्ध केला. करता येण्यासारखं आहे. मात्र रेल्वेत मोजक्या मोठ्या कंपन्या आहेत, ट्रकमध्ये वाटसरूजींसारखे हजारो. त्यांचा विश्वास बसला तरच.

विमानवाल्यांकडे त्याचंही उत्तर आहे. १९७६ पासून वैमानिक आपली चूक नासाकडे कळवतात, परवाना देणाऱ्या खात्याकडे नाही. नासा नाव काढून टाकते. दहा दिवसांत कळवलं, चूक जाणूनबुजून केलेली नसली, तर बहुतेक वेळा दंडातून सूट मिळते. कळवणं एकीकडे, शिक्षा दुसरीकडे.

वाटसरू

असं असेल तर मी देईन. खरंच. नाव, गाडीचा नंबर, गिऱ्हाइकाचं नाव काढलं तर वर्कशॉपची फाइल, फोटो, ड्रायव्हरचं म्हणणं, सगळं. मला माझी टाकी कशी टिकली हे लपवायचं कारणच नाही. उलट पुढची टाकी घेताना कुठली घ्यावी हे मला कोणी सांगितलं तर हवंच आहे. सध्या विकणारा सांगतो त्यावर घेतो.

ज्यातून वकिलाला माझ्याविरुद्ध काही मिळतं आणि मला काहीच मिळत नाही, त्यातच मी शब्द मोजतो.

रात्रपाळी

नाव काढणार असाल तर रांगेचंही लिहा.

टाकीवाला

काका, रांगेचं लिहिणार. या आठवड्यात आमच्या कंपनीत एवढं केलंय. सरकारी फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही, पण तो भरण्याआधीचा आमचा कागद आहे. त्याचं पहिलं पान आता ड्रायव्हरचं. त्याच्या शब्दांत, त्याला लिहायचं नसेल तर मी त्याच्यासमोर बसून लिहून घ्यायचं आणि त्याला वाचून दाखवायचं. अपघाताच्या क्षणी टाकीत खरा माल किती, मागच्या २४ तासांत झोप किती, रांगेत किती वेळ, रस्ता कसा. दुसऱ्या पानाला वर्कशॉपची फाइल जोडायची, ती आल्याशिवाय मी सही करणार नाही. ३० दिवसांत नाही आली तर फॉर्म वेळेत जाईल आणि फाइल आली की पुरवणी जाईल. व्यवस्थापकांनी सहा महिन्यांसाठी होकार दिलाय.

वेल्डर दादा, एक विचारायचं राहिलं. तुमच्या तपासणीच्या कागदावर पोच्याची जागा कशी लिहिता? आमच्याकडे लोक ‘डावीकडे मागे’ असं काहीही लिहितात.

वेल्डर

घड्याळ धरायचं. टाकीच्या मागे उभं राहायचं, वरचं झाकण बारा वाजता. मग मागच्या टोकापासून पोच्याच्या मध्यापर्यंत फीत लावून अंतर. “चार वाजता, मागून ११ फूट ४ इंच” असं लिहिलं की कोणालाही सापडतं. आणि उभं राहिल्याची बाजू कागदावर आधी लिहा. पुढे उभं राहून बघितलं तर चारचे आठ होतात.

टाकीवाला

लिहून घेतलं. उद्याच नमुन्यात घालतो.